हायस्कूलमध्ये बदल घडवताना: सोलापूरच्या मुख्याध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक मला जे प्रश्न सतत पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः एका अनुदानित हायस्कूलची मुख्याध्यापिका होते आणि बहुतेक प्रश्नही खाजगी अनुदानित शाळांमधूनच येतात, म्हणून उत्तरे त्या चौकटीत दिली आहेत. जिथे विनाअनुदानित शाळेचे चित्र वेगळे आहे तिथे तसे लिहिले आहे. तुमचा प्रश्न नेमका सापडला नाही तर उत्तरांत दिलेले प्रश्नक्रमांक पाहत जा.

१. नुकतीच मुख्याध्यापक झाले आहे. खूप काही बदलायचे आहे. सुरुवात कुठून करू?

पहिल्या सत्रात काही बदलू नका, शाळा बघा. कार्यालयात बसून शाळा दिसत नाही. रोज वेगळ्या तासाला व्हरांड्यातून एक फेरी मारा. मधल्या सुट्टीनंतरचा तास खरोखर किती वाजता सुरू होतो, ऑफ तासाला वर्ग कोण सांभाळतो, कोणत्या वर्गात मुले उभी राहून प्रश्न विचारतात, हे आठ-पंधरा दिवसांत कळते.

मग गेल्या दोन वर्षांची सूचना वही काढून सलग वाचा. शिपाईमामा वर्गावर्गांत फिरवतात आणि शिक्षक शिकवता शिकवता सही करतात, तीच वही. ‘सर्वांनी तासावर वेळेवर जावे’, ‘टाचण वही शनिवारी सादर करावी’ अशा सूचना वर्षात किती वेळा निघाल्या ते पाहा. जी सूचना पुन्हा पुन्हा काढावी लागते, ती अडचण सूचनेने सुटणारी नव्हती एवढे त्यातून सिद्ध होते. तिचे मूळ बहुधा वेळापत्रकात असते. दोन इमारतींत लागोपाठ तास असलेले सर वेळेवर पोहोचणार कसे?

याच काळात प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोला, लिपिक आणि शिपाई धरून. दोनच गोष्टी विचारा: या शाळेतले काय जसेच्या तसे राहिले पाहिजे, आणि तुमचा वेळ कुठे वाया जातो? पहिल्या प्रश्नाने माणसे मोकळी होतात. दुसऱ्याच्या उत्तरात तुमचा पहिला बदल दडलेला असतो.

२. पहिल्या वर्षी किती गोष्टी हाती घ्याव्यात?

एक. शाळेत बहुतेक बदल बारगळतात ते शिक्षक वाईट असतात म्हणून नाही. आधीच भरलेल्या दिवसात आणखी एक काम कोंबले जाते म्हणून ते बारगळतात. नवे काही देण्याआधी जुने काहीतरी काढून घ्या, हे मी प्रत्येक मुख्याध्यापकाला सांगते आणि या पानावर ते अनेक उत्तरांत पुन्हा येईल.

एक उदाहरण घेऊ, पुढेही तेच वापरू. आठवीत निरनिराळ्या प्राथमिक शाळांतून मुले येतात. त्यांतल्या काहींना पाठातला परिच्छेद न अडखळता वाचता येत नाही. तुम्ही ठरवले, रोज वीस मिनिटे वाचन. ही वीस मिनिटे आणायची कुठून? लांबलेल्या परिपाठातली दहा मिनिटे निघतात. एकच माहिती दोन नोंदवह्यांत लिहिण्याची पद्धत बंद केली तर शिक्षकांचाही वेळ वाचतो. हे आधी करा. महिनाभराने वाचनाचा तास जाहीर करा आणि तो वेळापत्रकात छापा. वेळापत्रकात नसलेला उपक्रम पहिल्याच चाचणी परीक्षेच्या आठवड्यात गळतो.

कधी सुरू करावे, हेही याच प्रश्नात विचारले जाते. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पण पहिले काही आठवडे प्रवेश, पुस्तके, दाखले यांतच जातात. जुलैपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ सर्वांत कसदार. जानेवारीत स्नेहसंमेलन, संक्रांत आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. पुढे दहावीच्या परीक्षा. मग ऊन चढते आणि शाळा सकाळची होते. डिसेंबरनंतर नवीन काही सुरू करू नका. त्या महिन्यांत पुढच्या जूनचे वेळापत्रक मात्र तयार करता येते.

३. माझ्या स्वतःच्या अधिकारात नेमके काय येते?

वाटते त्यापेक्षा बरेच. वेळापत्रक, विषय आणि वर्गांचे वाटप, परिपाठाचे स्वरूप, घटक चाचण्यांचे नियोजन, विषय समित्यांच्या बैठका, वर्गनिरीक्षण, सराव परीक्षा, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचा वापर, पालकसभेची वेळ, हे सगळे शाळेच्या पातळीवर ठरते. शाळेचा स्वभाव बदलायला एवढे पुरते.

शाळा समितीपुढे न्यायचे विषय वेगळे: खर्च, इमारत, कर्मचाऱ्यांविषयीचे निर्णय. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) नियमावली, १९८१ प्रमाणे मुख्याध्यापक हा शाळा समितीचा पदसिद्ध सचिव असतो. म्हणजे विषयपत्रिका आणि इतिवृत्त तुमच्या हातात असते. अनेक जण ही ताकद वापरतच नाहीत.

तुकडी वाढवणे, माध्यम बदलणे, शाळेचे सत्र बदलणे यांसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाचा रस्ता धरावा लागतो. विनाअनुदानित शाळेत बदलाला पैसे लागणार असतील आणि ते फीमधून येणार असतील, तर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला डावलता येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल गोंधळ असतो. ती वरच्या शाळा समितीहून वेगळी, शिक्षण हक्क कायद्याने आलेली. शिक्षण हक्क कायदा, २००९ पहिली ते आठवीपुरता आहे. त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. खाजगी अनुदानित शाळेत तिची भूमिका सल्ल्याची आहे. पण सल्ला मागण्याची जागा म्हणून ती फार मोलाची आहे (प्र. ८ पाहा).

४. बैठकीत सगळे ‘हो’ म्हणतात, प्रत्यक्षात कोणी करत नाही. हा विरोध मोडायचा कसा?

आधी ‘मोडणे’ हा विचार सोडा. बैठकीतला होकार हा बहुतेक वेळा ‘आत्ता वाद नको’ एवढाच असतो. खरे बोलणे बैठकीनंतर पार्किंगमध्ये नाहीतर स्टाफरूमच्या चहावर होते.

टेक्सास विद्यापीठातले जीन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांच्या काळज्यांचा अभ्यास केला. नवी पद्धत आली की शिक्षकाच्या मनात काय क्रमाने येते, हे त्यांनी मांडले. आधी ‘हे आहे तरी काय?’, मग ‘माझे काय होणार?’, मग ‘हे बसवायचे कसे?’, आणि त्यानंतर कुठे ‘मुलांना याचा उपयोग होतोय का?’ आपण मुख्याध्यापक पहिल्या बैठकीत शेवटच्या पायरीवरून बोलतो: मुलांचे भवितव्य, शाळेचा नावलौकिक. समोरचे सर मात्र ‘माझे काय होणार’ या पायरीवर उभे असतात. त्यांचा ऑफ तास जाणार का, निरीक्षणाला कोणी वर्गात बसणार का, गोपनीय अहवालात याचा उल्लेख येणार का, हे त्यांना हवे असते. त्याचे उत्तर आधी द्या, स्पष्ट आणि लेखी. ‘वाचनाच्या तासाचे निरीक्षण या वर्षी होणार नाही, गोपनीय अहवालात त्याचा विचार होणार नाही’ असे एक वाक्य पुष्कळ गाठी सोडवते.

दुसरे, सगळ्यांना एकाच वेळी लावू नका. दोन-तीन वर्ग घ्या आणि ज्यांना मनापासून करायचे आहे अशा शिक्षकांना द्या. त्यांत किमान एक जण असा हवा ज्याचा शब्द स्टाफरूममध्ये चालतो, मग तो तुमच्या गोटातला नसला तरी. केवळ तुमच्या मर्जीतल्या लोकांनी केलेला प्रयोग ‘बाईंचा प्रयोग’ म्हणून ओळखला जातो आणि बाई गेल्या की संपतो.

तिसरे, विरोधात तथ्य असते ते ऐका. गणिताचे सर म्हणतात, ‘वीस मिनिटांत नववीचा अभ्यासक्रम मागे पडेल.’ ते खरेही असेल. मग नववी वगळा, आठवीच घ्या. विरोध करणाऱ्याच्या सूचनेमुळे योजना बदलली हे सर्वांसमोर त्याचे नाव घेऊन सांगा. पुढच्या बैठकीत माणसे तोंड उघडतात ती यामुळे.

संघटनेचे पदाधिकारी असलेल्या शिक्षकांना टाळू नका. योजना जाहीर होण्याच्या आधी त्यांच्याशी बोला. सेवाशर्तीला धक्का लागत नाही हे दिसले की बहुतेक पदाधिकारी समजून घेतात.

एवढे करूनही एखादा शिक्षक वर्गावर जातच नसेल, तर तो बदलाचा विरोध राहत नाही. तो कामातला कसूर आहे. त्याची नोंद, समज आणि पुढची कार्यवाही नियमाने करा. या दोन गोष्टी कधी एकत्र करू नका.

५. मी याच शाळेत सहशिक्षक होतो, सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक झालो. कालचे मित्र आज माझे ऐकत नाहीत.

आपल्याकडे बहुतेक मुख्याध्यापक असेच होतात, त्यामुळे ही अडचण जवळपास प्रत्येकाची आहे. मैत्री तोडायची गरज नाही, पण दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात दिसल्या पाहिजेत. तासांचे वाटप करताना मित्राला सोयीचे वेळापत्रक मिळाले नाही, आणि किरकोळ रजेचा नियम सर्वांना सारखा लागला. स्टाफरूम तुमची भाषणे विसरते, वेळापत्रक विसरत नाही.

तुमच्याबरोबर ज्येष्ठतेच्या यादीत असलेले आणि थोडक्यात मागे राहिलेले कोणी असतील, तर त्यांच्याकडे खरी जबाबदारी द्या, परीक्षा विभाग किंवा प्रवेश. आणि तिच्यात ढवळाढवळ करू नका. आतून बढती मिळाल्याचा एक मोठा फायदा तुमच्याकडे आहे: कोणता विद्यार्थी कोणत्या गल्लीतून येतो, कोणत्या शिक्षकाच्या घरी आजारपण आहे, हे तुम्हाला सांगावे लागत नाही.

६. निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे उरलेल्या शिक्षकांना या वयात बदलायला लावायचे का?

त्यांना बदलायला लावू नका, त्यांच्याकडून घ्या. भूमितीची आकृती फळ्यावर हाताने काढणारे, व्याकरण मुलांच्या तोंडी बसवणारे शिक्षक हे शाळेचे धन आहे. त्यांच्या तासाला नव्या शिक्षकांना बसवा. पण त्यांना नव्या पद्धतीतून सरसकट वगळूही नका. ‘सरांना आता कशाला त्रास’ हे वाक्य त्यांना लागते. विचारा. बरेच जण हो म्हणतात.

७. संस्थाचालकांना बदल नको असतो, किंवा दर महिन्याला नवाच हवा असतो. मधल्या मध्ये मी अडकते.

दोन्ही तऱ्हांवर उपाय एकच, वर्षाच्या सुरुवातीला शाळा समितीत एक पानाची योजना मंजूर करून घेणे. काय करणार, काय बंद करणार, किती खर्च, कोणत्या महिन्यात काय दिसेल. मंजुरी इतिवृत्तात लिहून घ्या (प्र. ३). बदल नको म्हणणाऱ्यांची भीती सहसा खर्चाची नाहीतर तक्रारींची असते, ती या पानावर उतरते. दर महिन्याला नवे सुचवणाऱ्यांना हेच पान दाखवता येते: ‘साहेब, कल्पना चांगली आहे, पुढच्या वर्षीच्या यादीत घेते.’ आणि खरोखर घ्या.

आपल्या जिल्ह्यात अनेक संस्था अशा आहेत ज्या एखाद्या समाजाने, गिरणी-मागावर राबणाऱ्या लोकांनी वर्गणी काढून उभ्या केल्या. त्या संस्थांच्या जुन्या सभासदांना शाळेविषयी आतड्याची ओढ असते. त्यांना वर्षातून एकदा भाषणाला बोलावून परत पाठवू नका. वर्गात बसवा, मुलांचे वाचन ऐकवा. तक्रार करणारे पुष्कळ सभासद त्या दिवसानंतर पाठीराखे होतात.

८. पालक शाळेत येतच नाहीत. त्यांना सहभागी कसे करायचे?

पालकसभेची वेळ कोणाच्या सोयीने ठरवली आहे, हे आधी तपासा. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या शाळेचे उदाहरण पाहा. आई विड्या वळते. सकाळी तयार विड्या कारखान्यात द्यायच्या, पाने आणि तंबाखू घेऊन यायचे, मग घरी बसून दिवसभर पाने कापायची, वळायची. वडील यंत्रमागावर पाळीत. शनिवारी सकाळी अकराची सभा म्हणजे त्या आईची मजुरी बुडणे. त्यात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी त्या भागात पाण्याची पाळी, त्या दिवशी घरातली बाई कुठेही जात नाही. हे सगळे वर्गशिक्षकांना माहीत असते, पण सभेची तारीख काढताना त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणून सभा शाळेत एकदाच न घेता वस्तीनुसार छोट्या बैठका घ्या, संध्याकाळी, मंदिराच्या किंवा समाजमंदिराच्या आवारात, अर्ध्या तासाच्या. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतींसारख्या ठिकाणाहून बरीच मुले येत असतील तर तिथेच जा. भाषेचा विचार करा. सोलापुरात घरात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि शाळेत मराठी अशी मुले भरपूर आहेत. आईला मराठी कळते, पण साहेबांसमोर बोलायला तिची जीभ उचलत नाही. तिच्या भाषेत बोलणारी एक शिक्षिका किंवा दहावी झालेली माजी विद्यार्थिनी सोबत ठेवा. पालक ऐकायचे सोडून बोलू लागतात तेव्हा तुम्हाला उपयोगाची माहिती मिळते. नववीतली मुलगी पहिल्या तासाला सतत गैरहजर का, तर सकाळी आईबरोबर कारखान्यात ओझे पोहोचवायला ती जाते. हे कळल्यावर ‘हजेरी सुधारा’ अशी नोटीस काढण्यापेक्षा तिच्या वर्गाचा पहिला तास कोणत्या विषयाचा ठेवायचा, हा प्रश्न समोर येतो. मग गणिताचा तास तिसरा करता येतो. आणि त्याच बैठकीत आईशी ‘हिला सकाळची मोकळी ठेवा’ हेही बोलता येते.

ग्रामीण भागात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. त्यांच्याशी बोलणे ऑक्टोबरच्या आत व्हायला हवे: मूल आजी-आजोबांकडे ठेवता येईल का, वसतिगृह आहे का. फड सुरू झाल्यावर फोन करून काही होत नाही.

९. सेमी इंग्रजी सुरू केल्याशिवाय शाळा टिकणार नाही असे सगळे म्हणतात. सुरू करू का?

हा प्रश्न पटसंख्येच्या भीतीतून येतो. ती भीती खरी आहे, तिच्याबद्दल प्र. १४ मध्ये लिहिले आहे. इथे फक्त बदल म्हणून पाहू.

पाटी बदलायला एक दिवस लागतो, गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची तयारी व्हायला वर्षे लागतात. आधी स्वतःच्या शिक्षकांना विचारा, आणि खरे उत्तर मिळेल अशा रीतीने विचारा, एकेकट्याला. जो शिक्षक इंग्रजी पाठ्यपुस्तकातून वाचून दाखवतो आणि मराठीतून समजावतो, त्याच्या वर्गात मुलांच्या हाती दोन्ही भाषा अर्ध्याच येतात. ज्या मुलाच्या घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि आता विज्ञान इंग्रजीतून, त्याच्यावर किती भार टाकतो आहोत हे वाचनाच्या तासाला आपणच ऐकतो.

करायचेच असेल तर खालच्या वर्गापासून, एका तुकडीपासून करा आणि दरवर्षी एक इयत्ता वर न्या. थेट आठवी-नववीत माध्यम बदलू नका. मराठी तुकडीत तुमचे उत्तम शिक्षक राहतील हे पाहा. सेमीची तुकडी ‘हुशार मुलांची’ आणि मराठीची ‘उरलेल्यांची’ अशी वाटणी एकदा झाली की पालक, शिक्षक आणि मुलेही ती मान्य करून टाकतात. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. परवानगीची प्रक्रिया प्र. ३ प्रमाणे.

१०. रोज नवे परिपत्रक, नवे ॲप, नवी माहिती. शाळेचा स्वतःचा बदल करायला वेळ कुठे आहे?

सरल, यू-डायस प्लस, शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन प्रणाली, पोषण आहाराची माहिती, वर निवडणुकीची कामे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच शिक्षकांना द्यायला मुभा आहे, त्यामुळे ती टळणार नाहीत. टाळता येते ते त्यांचे शाळाभर पसरणे.

माहिती भरण्याचे काम लिपिक आणि एक तंत्रस्नेही शिक्षक यांच्याकडे ठरवून द्या आणि त्या शिक्षकाचे इतर काम कमी करा. प्रत्येक वर्गशिक्षकाकडून तीच माहिती चार वेळा मागवू नका. वर्षाच्या सुरुवातीला एकच पक्की यादी करा, आधार आणि बँक तपशिलासह. व्हॉट्सॲप गटावर रात्री अकरा वाजता ‘उद्या सकाळी १० पर्यंत’ असे संदेश टाकणे बंद करा. वरून तसे आले तरी शिक्षकांपर्यंत काय आणि कधी पोहोचवायचे, हे तुम्ही ठरवू शकता.

आणखी एक युक्ती: शासनाचा उपक्रम आणि तुमचा बदल जिथे जुळतो तिथे जोडून टाका. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ सारख्या अभियानासाठी काहीतरी करायचेच असेल, तर वाचनकोपरे करा.

११. दहावीचा निकाल घसरेल म्हणून कोणीच प्रयोग करायला तयार नाही.

दहावीला हात लावू नका. आपला जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो, आणि निकालाच्या दिवशी शेजारच्या शाळेशी तुलना होणारच. त्या दबावाखाली दहावीचे शिक्षक काही नवे करू शकत नाहीत आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

आठवीपासून सुरू करा. दहावीतली बहुतेक ‘कच्ची’ मुले आठवीतच मागे पडलेली असतात. त्यांना प्रश्न नीट वाचता येत नाही, म्हणून उत्तर येत असून लिहिता येत नाही. जादा तास घेऊन, सराव परीक्षांचा मारा करून ही मुले काठावर ३५ गुणांना पोहोचतात, आणि अकरावीत पुन्हा बुडतात. आठवीत वाचन पक्के झालेली तुकडी दहावीत जाईपर्यंत थांबण्याची तुमची तयारी हवी. तेवढा काळ संस्थेला आणि पालकांना दाखवायला मधले पुरावे लागतात, ते प्र. १५ मध्ये आहेत.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. तिच्या बौद्धिक क्षमता चाचणीची तयारी वाचनाच्या तासाशी छान जुळते, आणि गरीब घरच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली की अख्ख्या गल्लीला शाळेचे काम दिसते.

१२. डिजिटल शाळा करावी का?

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातल्या मजकुराला क्यूआर कोड जोडले, आणि त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून मी एवढेच घेते की आधी मुलाची अडचण ठरली आणि नंतर साधन आले. आपण बरेचदा आधी स्मार्ट बोर्ड विकत घेतो. वेतनेतर अनुदान किती तुटपुंजे असते हे सांगायला नको. त्यामुळे खरेदीआधी एक महिना एकाच वर्गात मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर काम करून पाहा.

१३. प्रशिक्षणात कॉटर यांच्या बदल घडवण्याच्या आठ पायऱ्या शिकवल्या. त्या शाळेत चालतात का?

जॉन कॉटर यांनी त्या पायऱ्या १९९० च्या दशकात कंपन्यांचे बदल पाहून मांडल्या. त्यांतल्या दोन शाळेत थेट उपयोगी आहेत: बदल पुढे नेणारा गट उभा करणे (प्र. ४) आणि लवकर दिसणारे छोटे यश. पहिली पायरी, ‘तातडीची जाणीव निर्माण करणे’, जपून वापरा. आपल्या शिक्षकांवर तातडी आधीच भरपूर लादलेली आहे. त्यांना थोडा निवांतपणा दिला तर ते विचार करतात. ज्यांना पद्धतशीर शिकायचे आहे त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका करावी. वेळापूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेशीही संपर्क ठेवावा.

१४. पटसंख्या घटते आहे. संचमान्यतेत (विद्यार्थीसंख्येनुसार शिक्षकपदे मंजूर होतात तेव्हा) पदे कमी होतील या भीतीने शिक्षक वर्गापेक्षा प्रवेशाच्याच मागे धावतात. अशात बदल कसा करायचा?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. पद कमी होऊन अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार असलेल्या शिक्षकाला वाचनाच्या पद्धतीवर बोलायला सांगणे अन्यायाचे वाटते. म्हणून भीती झाकू नका. विद्यार्थीसंख्या, मंजूर पदे, कोणत्या विषयात किती भार, हे आकडे सर्वांसमोर फळ्यावर मांडा. ज्येष्ठता यादी अद्ययावत आणि सर्वांनी सही केलेली असू द्या. अफवांपेक्षा वाईट आकडासुद्धा माणसे नीट पेलतात.

मग प्रवेशाचे काम वाटून घ्या आणि त्याला मर्यादा घाला. मे-जूनमध्ये घरोघर फिरणे आलेच, पण ते दोन गटांत, ठरावीक दिवस. पालकांना काय सांगायचे, ते ठरवा. मोफत दप्तर आणि रिक्षा हे सगळेच सांगतात. ‘आमच्याकडे आठवीचे प्रत्येक मूल दिवाळीपर्यंत वाचू लागते’ हे सांगणारी शाळा वेगळी दिसते, आणि ते खरे असेल तर गल्लीतल्या बायकाच पुढे सांगतात. अशा शाळेत शिक्षणातला बदल आणि पट टिकवणे ही दोन कामे उरत नाहीत.

पटावर खोटी नावे ठेवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याला ठाम नकार द्या. आधार पडताळणीत ते उघडे पडते आणि जबाबदारी मुख्याध्यापकाच्या सहीवर येते.

शिक्षक अतिरिक्त ठरलाच, तर त्याच्या समायोजनाच्या (दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याच्या) कागदांसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयात तुम्ही स्वतः जा. मागे राहिलेले शिक्षक हे पाहत असतात.

१५. बदल रुजतो आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

तीन साध्या नोंदी ठेवा: महिन्यातून एकदा त्याच मुलांकडून न पाहिलेला परिच्छेद वाचून घेणे, त्या वर्गाची हजेरी, आणि तुम्ही शाळेत नसताना तो तास झाला का. तिसरी नोंद सर्वांत बोलकी. तुम्ही बैठकीला जिल्हा परिषदेत गेलात त्या दिवशी वाचनाचा तास झाला असेल तर काम रुजू लागले आहे. आकडे शिक्षकांची तुलना करायला वापरू नका, नाहीतर पुढच्या महिन्यापासून आकडे छान येतील आणि खोटे असतील.

१६. हळूहळू न करता लगेच करावा असा कोणता बदल आहे का?

आहे, मुलांच्या सुरक्षिततेचा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. तिथे सहमती, गट, प्रायोगिक वर्ग काही नाही. पहिल्या दिवशी सांगायचे आणि त्या दिवसापासून पाळायचे. ‘आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही शिकलो’ या युक्तिवादाला थारा देऊ नका.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. संस्थेचे नाव जाईल, घरातल्या घरात मिटवू, असे कोणीही सांगितले तरी थांबू नका. न कळवणे हा संस्थाप्रमुखाचा गुन्हा ठरतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली सखी सावित्री समिती नुसती कागदावर असेल तर तिची बैठक याच महिन्यात लावा, मुलींना तिच्या सदस्यांची नावे माहीत आहेत का ते वर्गात जाऊन विचारा. मुलींच्या स्वच्छतागृहातले पाणी आणि आतली कडी हेही याच यादीत येते. पाण्याची टाकी भरण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

१७. मी प्रभारी मुख्याध्यापक आहे, किंवा माझी निवृत्ती जवळ आली आहे. मी बदल सुरू करावा का?

प्रभारी असाल तर नवे धोरण जाहीर करू नका, पण काढून टाकण्याचे काम जरूर करा. दुहेरी नोंदवह्या, उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका, नको असलेले अहवाल. त्याला कोणी हरकत घेत नाही आणि पुढे येणाऱ्याला मोकळी जागा मिळते. प्र. १ मधले निरीक्षणही तुम्ही करू शकता. टिपणे लिहून ठेवा.

वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होणार असाल आणि एकच वर्ष उरले असेल, तर जूनमध्ये सुरू करा, पण पहिल्या दिवसापासून ज्येष्ठतेत तुमच्यानंतर असलेल्या व्यक्तीला बरोबर घ्या. बैठका त्यांनी चालवाव्यात, शाळा समितीपुढे त्यांनीच मांडणी करावी. निवृत्तीच्या आधी एक फाईल त्यांच्या हाती द्या: पुढच्या वर्षाचे वेळापत्रक, वाचनाच्या मासिक नोंदी, काय चालले नाही त्याची यादी, आणि कोणत्या पालकांशी, कोणत्या शिक्षकांशी कोणता शब्द दिला आहे तो. ही शेवटची यादी सहसा कोणी लिहीत नाही, आणि नव्या मुख्याध्यापकाला पहिल्या महिन्यात तिचीच सर्वांत जास्त गरज पडते.